नाताळचा बाजार झाला म्हणून नाताळ सोडावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवराबायको दोघंही ख्रिस्ती, घरात दोन लहान मुलं. नाताळ आणि ईस्टर जवळ आले की त्यांना आनंदापेक्षा दडपण जास्त येतं. खरेदीची यादी, नातेवाइकांच्या अपेक्षा, क्रेडिट कार्डावर घेतलेल्या भेटवस्तू, आणि मग ते फेडत बसणं. त्यात बायबल अभ्यासगटातल्या एका मित्राने सांगितलं की हे सण मुळात मूर्तिपूजकांचे, शास्त्रात त्यांची आज्ञा नाही, आणि आता तर ते निव्वळ दुकानदारांचे झालेत. खऱ्या विश्वासणाऱ्याने ते सोडावेत. तर सोडावेत का? आणि सोडले तर मुलांना, आईवडिलांना काय सांगायचं?

पाळक म्हणून हा प्रश्न माझ्यापुढे दर वर्षी येतो. आधी माझं मत सांगतो, कारणं नंतर. मित्राने तीन वेगळे आक्षेप एकात गुंडाळले आहेत. त्यातला मूर्तिपूजेचा आक्षेप कच्चा आहे. आज्ञा नसल्याचा आक्षेप भक्कम आहे, पण तो सगळ्यांना बांधत नाही. बाजाराचा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच सण सोडून देणं हा त्यावरचा उपाय आहे असं मला वाटत नाही. सण सोडला की जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत सगळ्यात आधी शिरतो तो बाजारच. हे इतिहासात घडून गेलंय, त्याबद्दल पुढे सांगतोच.

मूर्तिपूजेच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्म मानल्याची पहिली पक्की नोंद रोममधल्या 354 सालच्या एका पंचांगवजा संग्रहात आहे, आणि त्यातला तो मजकूर 336 सालापर्यंत मागे जातो. त्याच संग्रहात त्याच तारखेला ‘अजिंक्य’ सूर्याचा जन्मदिवसही नोंदलेला आहे. सम्राट ऑरेलियनने 274 साली सूर्यदेवाचं मंदिर बांधलं हेही खरं. पण तारीख कुणी कुणाकडून घेतली, हे त्या नोंदींवरून ठरत नाही. दुसरा धागाही तितकाच जुना आहे. प्रभूचं मरण 25 मार्चला झालं असं पश्चिमेकडच्या मंडळीत (चर्चमध्ये) अनेक जण मानत. गर्भधारणाही त्याच तारखेची धरली आणि नऊ महिने मोजले की 25 डिसेंबरच येतो. सॅटर्नेलिया या रोमन सणाचं नाव सर्रास घेतलं जातं, पण तो सण 17 डिसेंबरला सुरू होऊन 23 पर्यंत आटपायचा. आणि यिर्मयाच्या 10व्या अध्यायात रानातून तोडलेलं, सोन्यारुप्याने मढवलेलं जे लाकूड आहे ती कोरलेली मूर्ती आहे. तिच्यापुढे लोक वाकत, म्हणून संदेष्टा चिडला आहे. नाताळच्या झाडापुढे कुणी नवस बोलत नाही. तुमच्या घरात बोलत असतील तर मात्र झाड लगेच बाहेर काढा.

ईस्टरचं तर याहून सोपं आहे. तो सण वल्हांडणातून, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या यहुदी सणातून आला, आणि दुसऱ्या शतकात मंडळी त्याच्या तारखेवरून भांडत होती इतका तो जुना आहे. चॉकलेटची अंडी आणि ससे यांना शास्त्रात जागा नाही हे कबूल, पण ते नसले म्हणून पुनरुत्थानाच्या सकाळचं काहीही बिघडत नाही.

आज्ञेचा मुद्दा मात्र मी हलक्यात घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. उपासनेत देवाने सांगितलं तेवढंच करावं, आपल्या मनाचं घालू नये, असं मानणारी ख्रिस्ती माणसं जगात भरपूर आहेत आणि त्यांच्याकडे वचनं आहेत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 12व्या अध्यायाचा शेवट पाहा: सांगितलंय त्यात भर घालू नका, त्यातून काही काढू नका. त्याहून बोचरं वचन 1 राजे 12:33 चं. इस्राएलचा राजा यराबाम याने आठव्या महिन्यात एक सण काढला, आणि शास्त्र त्याला दोष देताना म्हणतं की तो महिना त्याने आपल्याच मनाने ठरवला होता. स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी 1560 मध्येच नाताळ नाकारला. वेस्टमिन्स्टरला जमलेल्या धर्मपंडितांनी 1645 च्या उपासना-मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं की अशा सणांना देवाच्या वचनात आधार नाही, ते चालू ठेवू नयेत. आठवड्याचा प्रभूचा दिवस पुरेसा आहे, वर्षातून एकदा आनंद करण्याऐवजी बावन्न वेळा करा, असा त्यांचा रोख. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी थेट 1958 साली आली. चार शतकं एखादा समाज एका भूमिकेवर उभा राहतो, तेव्हा ती हट्टापेक्षा जास्त काहीतरी असते.

तरीही मी त्या बाजूला जात नाही, कारण शास्त्रातच सीनाय डोंगरावर मोशेला न सांगितलेले सण आहेत आणि त्यांचा धिक्कार नाही. पुरीम हा यहुदी सण एस्तेर राणी आणि मर्दखयाच्या काळात सुरू झाला. मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण तर जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या काळातला, आणि योहान 10:22 मध्ये येशू त्याच दिवसांत मंदिराच्या आवारात फिरताना दिसतो. आता राहिला प्रेषित पौल. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो दिवस-महिने पाळणाऱ्यांवर कडाडतो, आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो की कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. हा विरोधाभास नाही. गलतीयात दिवस पाळणं तारणाची अट होऊ पाहत होतं, रोममध्ये ती विवेकाची बाब होती. 1566 च्या दुसऱ्या हेल्व्हेटिक कबुलीजबाबाने, म्हणजे स्विस मंडळ्यांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याने, हीच वाट धरली: मंडळ्यांनी ख्रिस्ती मोकळिकीत जन्म, दुःखसहन, पुनरुत्थान यांचे दिवस पाळले तर उत्तमच. तीही सुधारणावादीच मंडळी होती, हे मित्राला जरूर सांगा. लंडनचा प्रसिद्ध बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जन याने 1871 च्या नाताळच्या आदल्या दिवशी, रविवारी, व्यासपीठावरून आधी सांगितलं की दिवस-ऋतूंविषयी आमच्या मनात अंधश्रद्धा नाही, आणि मग ख्रिस्तजन्मावरच उपदेश केला. मला तो माणूस आवडतो.

आता बाजार. बाजारावरचा राग आधुनिक आहे, डिपार्टमेंट स्टोअर आल्यानंतरचा आहे, असा समज असतो. 380 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये बिशप नाझियान्झसच्या ग्रेगरीने जन्मोत्सवावर जो उपदेश केला, त्यात तो लोकांना विनवतो की दारांना तोरणं लावू नका, रस्ते सजवू नका, नाच नकोत, भारी कपडे नकोत, एकमेकांवर कडी करणारी ताटं नकोत. ते ज्यांचं आहे त्या मूर्तिपूजकांकडे राहू द्या. पूर्वेकडे हा सण तेव्हा अगदी नवा होता. म्हणजे सण रुजण्याआधीच त्याच्या खर्चावरची तक्रार रुजली होती. आणि तक्रार करणारा ग्रेगरी सण सोडा म्हणत नव्हता, तो सणाचाच उपदेश करत होता.

आता तो घडून गेलेला प्रसंग. इंग्लंडच्या पार्लमेंटने जून 1647 मध्ये नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्टचे सण कायद्याने रद्द केले. नोकर आणि शिकाऊ कामगार यांच्या हक्काच्या सुट्ट्या त्यामुळे गेल्या, म्हणून भरपाई दिली ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या मोकळ्या वेळेची. त्या वर्षी 25 डिसेंबर आला. दिवस पवित्र नाही हे सिद्ध कसं करायचं? दुकानं उघडी ठेवून. कँटरबरीच्या महापौराने बाजार नेहमीसारखा भरेल असं जाहीर केलं. ज्या थोड्यांनी दुकानं उघडली त्यांचा माल जमावाने रस्त्यावर फेकला आणि शहरात दंगल पेटली. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या दिवसाकडे नीट पाहा. सण नको म्हणणारे शुद्धतावादी (प्युरिटन) दुकानं उघडायला लावत होते, आणि सण हवा म्हणणारी सामान्य माणसं दुकानं बंद करायला सांगत होती. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत 1659 चा कायदाही त्याच वळणाचा: नाताळ म्हणून काम थांबवलं किंवा मेजवानी केली तर पाच शिलिंग दंड. तो 1681 मध्ये मागे घेतला गेला, पण न्यू इंग्लंडमध्ये त्यानंतरही कित्येक पिढ्या नाताळ हा कामाचाच दिवस राहिला. ज्या अमेरिकेत हा सण एकेकाळी दंडाला पात्र होता, तिथेच पुढे तो खरेदीचा सगळ्यात मोठा हंगाम झाला. मंडळीने सोडलेली तारीख दुकानांनी उचलली, हे त्यामागचं एकमेव कारण नाही. पण जिथे उपवासाची, आगमनकाळाची (नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांची), नाताळपासूनच्या बारा दिवसांची जुनी शिस्त उरलीच नव्हती, तिथे हंगामाचा आकार ठरवायला दुकानांना कुणाची आडकाठीही नव्हती.

खरेदीचा हंगाम किती ताकदवान असतो हे 1939 मध्ये दिसलं. त्या वर्षी अमेरिकेत उपकारस्तुतीचा दिवस (थँक्सगिव्हिंग) नोव्हेंबरच्या अगदी शेवटच्या तारखेला, 30 ला येत होता. नाताळआधी विक्रीला दिवस कमी पडतील अशी दुकानदारांची तक्रार, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने तो दिवसच एक आठवडा अलीकडे ओढला. देवाचे आभार मानायचा दिवस कधी असावा, हे विक्रीच्या हिशोबाने ठरलं. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि 1941 मध्ये काँग्रेसने चौथा गुरुवार कायम करून तो गोंधळ मिटवला.

आमोस 8:5 माझ्या मते या सगळ्या विषयावरचं सगळ्यात तीक्ष्ण वचन आहे, पण या वादात ते फारसं कुणी काढत नाही. तिथले व्यापारी म्हणतात, चंद्रदर्शन कधी संपेल, म्हणजे आम्ही धान्य विकू. शब्बाथ कधी संपेल, म्हणजे आम्ही गव्हाची कोठारं उघडू. माप लहान करू, शेकेल (तोलायचं वजन) मोठा करू, खोटा तराजू वापरू. हे लोक सण पाळतात. दुकान बंद ठेवतात. मनात मात्र उद्याची विक्री मोजत बसतात. संदेष्ट्याने त्यांना सण सोडायला सांगितलं नाही. त्याने तराजूवर बोट ठेवलं, आणि पुढच्याच ओळीत जोड्याच्या मोलाने विकत घेतल्या जाणाऱ्या गरिबावर.

येशूचंही तसंच. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात तो वल्हांडणासाठी यरुशलेमेला जातो. मंदिराच्या आवारात बैल, मेंढरं, कबुतरं विकणारे आणि सराफ बसलेले. सण तेव्हाही बाजारात बुडाला होता, आणि बाजार ‘सोयीसाठी’ होता, जसा तो नेहमीच असतो. लांबून येणाऱ्याला जनावर आणायला नको, नाणं बदलून मिळावं. येशूने सराफांचे पैसे उधळले, चौरंग उलथे केले. आणि सणाला जाणं थांबवलं नाही. पुढे सातव्या अध्यायात तो मंडपांच्या सणाला जातो, आणि शेवटी वल्हांडणाच्याच दिवसांत पकडला जातो.

खरेदी करणं हेच पाप, असंही मानू नका. अनुवाद 14 मध्ये लांबच्या माणसाला चक्क सांगितलंय की दशमांश विकून पैसे कर, ठरलेल्या ठिकाणी जा, आणि मन मागेल ते विकत घेऊन आपल्या घरच्यांसह देवासमोर आनंदाने खा. फक्त लेव्याला, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातल्या, स्वतःची जमीन नसलेल्याला, विसरू नको. पुढच्या अध्यायांत यादी वाढते: दास, दासी, उपरी, अनाथ, विधवा. सण म्हणजे ज्यांना एरवी विश्रांती नाही त्यांनाही त्या दिवशी विश्रांती.

इथे मला माझ्या मंडळीतली एक मुलगी आठवते. मोठ्या दुकानात भेटवस्तू बांधून देण्याच्या काउंटरवर ती काम करायची. डिसेंबरभर रजा नाही, असा तिथला नियम. एका नाताळच्या पूर्वसंध्येला ती उपासना सुरू झाल्यावर आली, मागच्या बाकावर बसली आणि पहिल्या गीतालाच झोपली. उपासना संपल्यावर मी विचारपूस केली तर तिने हात पुढे केले. रिबन ओढून ओढून बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडल्या होत्या, त्यावर चिकटपट्टीच लावलेली. ती म्हणाली, “पाळकसाहेब, रांगेत आपल्या मंडळीतलेच किती जण होते. कुणी घाईत होते, कुणी ओरडले. मला ओळखलं नाही कुणी.” नाताळच्या व्यापारीकरणावर मी तोपर्यंत जे बोलत होतो ते सगळं घेणाऱ्याच्या बाजूचं होतं: आपलं मन विचलित होतं, आपली मुलं बिघडतात, आपला पैसा जातो. विकणाऱ्याच्या, बांधणाऱ्याच्या, पोचवणाऱ्याच्या बाजूने तो सण कसा दिसतो हे अनुवादाच्या 16व्या अध्यायात लिहिलेलं असूनही आपल्या चर्चेत येत नाही. खरा ख्रिस्ती आक्षेप इथे आहे. दासीला सणातून बाहेर काढणारा सण शास्त्रातल्या सणाच्या उलट आहे.

बाजाराने नेमकं काय नेलं, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक म्हणतात, ख्रिस्त नेला. तो नेता येत नाही. बाजाराने वाट पाहणं नेलं. जुनी रचना अशी होती की नाताळआधीचा काळ संयमाचा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तूरच्या बिशप पर्पेच्युअसने 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला होता. पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही नाताळआधी चाळीस दिवसांचा उपवास धरतात. आणि आनंद सुरू व्हायचा तो 25 तारखेला, पुढे 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस चालायचा. बाजाराला हे उलटं हवं असतं. विक्री आधी व्हायला हवी, म्हणून मेजवानी, गाणी, दिवे, गोडधोड सगळं आधी. 25 च्या रात्री हंगाम संपतो, 26 ला उरलेला माल सवलतीत. आपण उपवासाच्या काळात खातो आणि सणाच्या काळात थकून पडतो, आणि मग म्हणतो यंदा काही वाटलंच नाही. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, आणि ईस्टरचं तेच. अंडी खायला मनाई असलेल्या चाळीस दिवसांनंतर अंडं हे खरोखर सणाचं खाणं होतं; चाळीस दिवस चॉकलेटची अंडी खात राहिल्यावर ईस्टरला काय उरणार?

म्हणून सण सोडण्याआधी हे करून पाहा असं मी सुचवतो. आगमनकाळ आगमनकाळासारखा पाळा. त्या चार आठवड्यांत भेटवस्तूंची खरेदी नको; जी करायची ती आधी उरका किंवा नाताळनंतर करा. आठवड्यातून एक दिवस साधं जेवण, एक मेणबत्ती, यशयातला एखादा भाग मुलांसोबत. झाड उशिरा लावा आणि प्रकटीकरणाच्या दिवसापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत ठेवा. भेटी त्या बारा दिवसांत विभागून द्या, एकाच सकाळी ढीग नको. मुलं पहिल्या वर्षी कुरकुरतात. दुसऱ्या वर्षी तीच तुम्हाला आठवण करून देतात की अजून बारा दिवस संपले नाहीत.

पैशाबद्दल मी कडक आहे. कर्ज काढून भेट देऊ नका, एकही नाही. 1993 साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला, त्यात भेट मिळणारे लोक तिची किंमत प्रत्यक्ष खर्चापेक्षा दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कमी धरत होते. अर्थशास्त्रज्ञांचा हा हिशोब मला तसा रुक्षच वाटतो, भेट म्हणजे नुसती किंमत नव्हे. पण जी वस्तू घेणाऱ्यालाही तेवढी मोलाची वाटत नाही, ती व्याजावर आणणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. एस्तेरच्या 9व्या अध्यायात सणाचा नमुना साधा आहे: एकमेकांना वाटे पाठवा, गरिबांना दान द्या. नहेम्याच्या 8व्या अध्यायातही गोड खा, प्या, आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. घरातल्यांसाठी जेवढं खर्च कराल तेवढंच, गाजावाजा न करता, अशा कुणाला द्या ज्याला परत देता येणार नाही. फोटो नको, मत्तय 6 आहे: दान गुप्तपणे करा.

सांताक्लॉजबद्दल सगळेच विचारतात. मुलांना खोटं सांगू नका, एवढं पुरे. मायराचा निकोलस हा चौथ्या शतकातला बिशप, त्याचा दिवस 6 डिसेंबर, त्याच्या दानाच्या कथा मुलांना सांगा. धुराड्यातून उतरणारा म्हातारा ही गोष्ट आहे म्हणून सांगा, मुलांना गोष्टी कळतात. ‘चांगलं वागलास तर मिळेल’ हे मात्र अजिबात नको. सुवार्तेच्या नेमकं उलट शिकवण आहे ती, आणि वर्षातून एकदा का होईना घराघरांत तीच दिली जाते.

आपल्या मंडळ्यांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळा दोष दुकानदारांवर जाईल. 2005 साली 25 डिसेंबर रविवारी आला, तेव्हा अमेरिकेतल्या काही मोठ्या मंडळ्यांनी लोकांना कुटुंबासोबत वेळ मिळावा म्हणून रविवारची उपासनाच बंद ठेवली. सणाने प्रभूचा दिवस खाल्ला, आणि तोही मंडळीच्या संमतीने. वेस्टमिन्स्टरवाले हे बघायला हवे होते! प्रायोजकाच्या नावाचे फलक लावून होणारे गीतांचे कार्यक्रम, सोडती, मंचावरच्या रोषणाईचा वाढत जाणारा खर्च, हे आपलंच आहे. पंचकमिटीत बसत असाल तर एकच साधा प्रश्न विचारा: डिसेंबरच्या सजावटीचा आकडा आणि डिसेंबरच्या गरीब-निधीचा आकडा शेजारी शेजारी लिहून दाखवाल का? मी विचारला होता. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग कुणीतरी म्हणालं की रोषणाईचं सामान गेल्या वर्षीचंच वापरू. ‘नाताळमध्ये ख्रिस्त ठेवा’ असं छापलेले कप विकून पैसे उभे करण्याची सूचनाही एकदा आली होती. ती मी हसून टाळली, पण मनातून चिडलो होतो.

तुमच्या मित्राबद्दल. सगळं वाचून, प्रार्थना करूनही तुमचं मन म्हणत असेल की सण पाळूच नये, तर पाळू नका. विवेकाविरुद्ध पाळलेला नाताळ कुणाच्याच उपयोगाचा नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. सणाच्या जागी काय ठेवणार ते ठरवा, कारण 25 डिसेंबरला टीव्ही आणि ऑनलाइन सेल पाहत बसलात तर बाजारापासून तुम्ही एक पाऊलही दूर गेलेला नाहीत. आणि पाळणाऱ्याला तुच्छ मानू नका, तसंच पाळणाऱ्यांनी तुम्हाला दोष लावू नये. 155 च्या सुमारास स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प ईस्टरच्या तारखेचा वाद घेऊन रोमला गेला होता. रोमचा बिशप अनिसेतस याचं आणि त्याचं एकमत झालं नाही, शेवटपर्यंत नाही. तरी अनिसेतसने प्रभुभोजनाचा मान त्याला दिला, आणि दोघं शांतीने वेगळे झाले. पुढे 190 च्या आसपास रोमच्याच बिशप व्हिक्टरने याच तारखेवरून आशियातल्या मंडळ्यांशी संबंध तोडायचा प्रयत्न केला, तेव्हा लियोंच्या बिशप आयरेनियसने त्याला पॉलिकार्पची हीच आठवण करून दिली. तुमच्या मित्राने या वर्षी 25 ला यायचं नाकारलं तर 26 ला त्याच्या घरी जेवायला जा.

आईवडिलांशी डिसेंबरात बोलू नका. तोपर्यंत त्यांची खरेदी झालेली असते, आणि तुमचं तत्त्व त्यांना त्यांच्या प्रेमाला दिलेला नकार वाटतो. ऑगस्ट-सप्टेंबरात, सणाचं वारं नसताना, मुलं झोपल्यावर बोला. शुद्धतावाद्यांचा इतिहास तिथे काढू नका, पार्लमेंट तर नाहीच. सरळ म्हणा: आम्हाला खर्च झेपत नाही, आणि मुलांनी तुमच्याकडून सणाची गोष्ट ऐकावी असं वाटतं, यंदा वस्तूंऐवजी बारा दिवसांतला एक दिवस तुम्ही त्यांना द्याल का? बहुतेक आजीआजोबांना हे ऐकून आतून सुटल्यासारखं होतं, कारण त्या यादीचं ओझं त्यांच्यावरही असतंच. तरी पहिल्या वर्षी एखादं मोठं खोकं येईलच. ते आनंदाने घ्या, मुलांसमोर उघडा, आणि परत पाठवू नका.